मोठ्या काकांना ‘पापी नको’ हे कोणी सांगायचं?

पत्र थोडक्यात: भांडुपला राहणाऱ्या एक वाचक, मुलांवरचे अत्याचार होऊ नयेत म्हणून काम करणाऱ्या एका संस्थेत प्रशिक्षक आहेत. पालिकेच्या आणि खासगी शाळांत जाऊन त्या मुलांना आपल्या शरीराबद्दल, सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाबद्दल सांगतात. ‘नाही म्हण, तिथून नीघ, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग’ हे त्यांचं रोजचं वाक्य. त्यांची स्वतःची मुलगी तिसरीत आहे. मोठे दीर घरी आले की तिला ओढून मांडीवर घेतात, ती किंचाळेपर्यंत गुदगुल्या करतात, ‘पापी दे, मग चॉकलेट’ म्हणतात. अलीकडे जिन्यात त्यांचा आवाज आला की मुलगी स्वयंपाकघरात जाऊन बसते. सासूबाई म्हणतात, ‘लाडाने करतो गं, त्याला मुलगी नाही.’ नवरा म्हणतो, ‘तुझ्या नोकरीने तुझं डोकं फिरवलंय.’ याच दिरांनी नवऱ्याच्या आयटीआयची फी भरली, भांडुपच्या खोलीच्या वेळी पैसे दिले. घरचा गणपती त्यांच्याकडे काळाचौकीला असतो आणि गौरीगणपतीच्या विसर्जनापर्यंत सगळं कुटुंब तिथल्या दोन खोल्यांत राहतं, तिथेच आडवं होतं. पुरावा नसताना घरच्या माणसावर डाग कसा लावू, आणि गप्प बसले तर शाळेतल्या मुलांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू, असं त्या विचारतात. त्यापेक्षा नोकरीच सोडावी का, हाही प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रात ‘माझ्याकडे पुरावा काहीच नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. मला विचारावंसं वाटलं, पुरावा कशाचा? तुम्ही मनातल्या मनात एक खटला उभा केला आहे. भावोजींना पिंजऱ्यात उभं केलंत, सासूबाई आणि नवरा त्यांचे वकील झाले, आणि साक्षीदार मिळत नाहीत म्हणून तुम्ही स्वतःच केस मागे घेतलीत. पण ज्या कामाचा तुम्हाला पगार मिळतो ते काम खटल्याच्या कितीतरी आधीचं आहे. तिथे आरोपी लागतच नाही.

तुमच्या संस्थेचेच नियम आठवा. तुम्ही शाळेत जाता तेव्हा एकट्या मुलाला बंद खोलीत घेऊन बसत नाही. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढत नाही. नोकरीला लागताना तुमची पोलीस पडताळणी झाली असेल, कुठल्यातरी कागदावर सही घेतली असेल. तेव्हा तुम्हाला कोणी गुन्हेगार समजलं का? तुम्ही रडलात का, की माझ्यावर संशय घेतला? नियम सगळ्यांसाठी होता म्हणून तो कोणालाच टोचला नाही. रात्री झोपण्याआधी आपण गॅसचा रेग्युलेटर बंद करतो, त्यात सिलेंडरचा काही अपमान नसतो. घरात लहान मूल असेल तर अंगाला हात कोणी, कधी आणि कसा लावायचा याचा नियम असावा, आणि तो आजीपासून भावोजींपर्यंत, अगदी तुम्हालाही लागू असावा. एवढंच तुम्हाला घरात बोलायचं आहे. ‘ते तसे आहेत’ हे वाक्य तुम्ही कुठेही उच्चारायचं नाही. ते खरं आहे का, ते तुम्हाला माहीतही नाही.

नवऱ्याच्या टोमण्याबद्दल. नोकरीने डोकं फिरवलं म्हणतात, त्यात थोडं तथ्य असू शकतं. दिवसभर मुलांच्या तोंडून जे ऐकावं लागतं ते ऐकून संध्याकाळी लोकलमध्ये शेजारच्या आजोबांच्या मांडीवरचं नातवंड बघितलं तरी पोटात गोळा येतो, असं या क्षेत्रातल्या अनेक जणी सांगतात. म्हणून आकडे नीट वाचायला हवेत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे अधिकच होते, आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे जण मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. यावरून एवढंच कळतं की धोका असलाच तर तो बऱ्याचदा ओळखीच्या माणसाकडून असतो. ओळखीची बहुतेक माणसं धोकादायक असतात असा याचा अर्थ होत नाही. ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण नवऱ्याशी वाद घालताना दुसरं वाक्य चुकून तोंडातून गेलं की तुम्ही हरलात.

आणि खरं सांगायचं तर सावध राहणं काही तुमच्या संस्थेने मुंबईत आणलेलं नाही. चाळीतल्या आया आपापल्या परीने पाळत ठेवतच होत्या. दिवेलागणीच्या आत घरी ये, अमक्याच्या दुकानात एकटी जाऊ नकोस, गच्चीवर जाऊ नकोस. फक्त त्या सगळ्या सूचना मुलीला असायच्या आणि बाहेरच्या माणसाबद्दल असायच्या. घरातल्या पुरुषाला कोणी काही सांगत नसे. तुमच्या घरातही नेमकं तेच अडलंय.

आता मुलीकडे येते, कारण सगळ्या पत्रात तिच्याबद्दलची ओळ मला सर्वात स्पष्ट वाटली. ती स्वयंपाकघरात जाऊन बसते. शाळेत तुम्ही जे तीन भागांत शिकवता त्यातले दोन भाग तिने न शिकवता केले आहेत. नको म्हणाली (किंचाळणं म्हणजे तेच की), आणि तिथून निघून गेली. आता मोठ्या माणसाची पाळी आहे. तिला खोदून विचारायला जाऊ नका. ‘काकांनी कुठे हात लावला का?’ असा प्रश्न तर अजिबात नको. आई घाबरलेली दिसली की मूल तिला हवं ते उत्तर देतं किंवा सगळंच गिळून टाकतं, आणि उद्या खरंच काही सांगायची वेळ आली तर आधी तोंडात घातलेल्या शब्दांमुळे तिच्याच सांगण्यावर शंका घेतली जाते. वेणी घालताना, शाळेतून चालत येताना, म्हणजे डोळ्यांत डोळे घालून बसावं लागत नाही अशा वेळी, एवढंच विचारा: ‘काका आले की तू आत येतेस, तिथे बसल्यावर काय वाटतं?’ मग गप्प राहा. ती म्हणेल, ‘दाढी टोचते.’ म्हणेल, ‘त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो.’ किंवा आणखी काही. जे येईल ते तिच्या शब्दांत येऊ द्या आणि लगेच चेहरा पाडू नका.

गुदगुल्यांचं म्हणाल तर घरात आजपासून एक खेळ लावा. ‘थांब’ म्हटलं की समोरच्याने हात वर करायचे. तुम्ही तिला गुदगुल्या करा, ती ‘थांब’ म्हणेल, तुम्ही हात वर करा. बाबांनीही तेच करायचं. आजीनेही. मुलांना यात इतकी मजा येते की ती मुद्दाम ‘थांब’ म्हणून बघतात. भावोजी आले की तीच त्यांना नियम सांगेल, आणि हा खेळ घरातले सगळेच खेळतात म्हटल्यावर त्यांना एकट्याला वेगळं काढल्यासारखं होणार नाही.

भावोजींना मात्र तुम्ही सांगू नका, निदान पहिल्यांदा तरी. धाकट्या भावाच्या बायकोने मोठ्या दिराला असं काही सांगितलं की विषय मुलीचा राहत नाही, ‘सून शेफारली’ हा विषय होतो. हे काम तुमच्या नवऱ्याचं आहे. भाऊ भावाला सांगू शकतो, आणि एका वाक्यात सांगू शकतो: ‘दादा, ती आता मोठी झाली, पापी-बिपी नको म्हणते, आम्ही घरात तिला तसं करायचं बंद केलंय.’ बस. पुढे भाषण नको. नवऱ्याला तयार करताना तुमच्या प्रशिक्षणातले शब्द बाजूला ठेवा. ‘शारीरिक स्वायत्तता’ ऐकून तो उठून गॅलरीत जाईल. त्याच्या भावाच्या चारित्र्यावर चर्चाच करू नका. त्याला फक्त एवढं विचारा की आपल्या पोरीला एखादी गोष्ट आवडत नसेल आणि ती आपल्या घरात, आपल्यासमोर होत असेल, तर ती कोणाकडे बघणार? मला वाटतं, याचं उत्तर त्याच्याकडे आहे.

त्याला जड जातंय ते वेगळ्याच कारणाने. आयटीआयची फी, खोलीचे पैसे. उपकार मोठे आहेत, मी ते कमी लेखत नाही. गिरणगावातल्या कितीतरी घरांत थोरल्याने स्वतःचं शिक्षण सोडून धाकट्याला शिकवलंय. ते फेडायचे तर नवऱ्याने फेडावेत. दादांच्या दुखण्यात रात्री जागावं, घराच्या रंगरंगोटीला पैसे द्यावेत, विसर्जनाला मूर्ती डोक्यावर घ्यावी. आठ वर्षांच्या पोरीने गाल पुढे करून ते का फेडायचे?

सासूबाईंना मी तुमच्याएवढं विरोधी पक्षात बसवणार नाही. ‘लाडाने करतो’ हे त्या मुलाची बाजू सावरताना बोलल्या. त्यांना बाजूला घेऊन, लेक आणि सून यांच्या भांडणात न ओढता, एक काम द्या: ‘आई, काळाचौकीला रात्री ती तुमच्याजवळ झोपेल, तुमच्या आणि माझ्या मध्ये.’ त्या का ते विचारणार नाहीत असा माझा अंदाज आहे. आपल्याकडच्या आज्यांना न बोलता बरंच कळतं.

या झोपण्याच्या व्यवस्थेवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुंबईत तो खरा प्रश्न आहे. वेगळी खोली, वेगळा पलंग वगैरे सल्ले ज्यांना परवडतात त्यांनी वाचावेत. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सणाला बारा माणसं आडवी होतात आणि कोण कोणाशेजारी हे उशा टाकताना ठरतं. ते आधी ठरवता येतं. मुलांच्या बाजूला त्यांची आई किंवा आजी, पुरुष मंडळी दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीत, रात्री मोरीकडे जायचं झालं तर आईला उठवायचं, कपडे बदलताना दाराला कडी. यात कोणावर बोट नाही. कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत ‘प्रेरणा’ ही संस्था 1986 साली सुरू झाली. तिथल्या बायकांच्या मुलांवरचा धोका रात्री सर्वात जास्त असतो, हे ओळखून त्यांनी मुलांसाठी रात्रीचं संगोपन केंद्र काढलं; आई कामावर असताना मूल तिथे जेवायचं, अभ्यास करायचं, झोपायचं. कोण गिऱ्हाईक वाईट आणि कोण बरं याची चौकशी करत बसले असते तर एकही मूल वाचलं नसतं. मूल रात्री कुठे झोपतं, एवढीच गोष्ट त्यांनी बदलली. तुमच्या घरची परिस्थिती आणि ती परिस्थिती यांची तुलना नाही, पण रीत तीच वापरता येते.

आता भावोजी. ते साधे असतील, माया दाखवायच्या त्यांच्याकडे दोनच तऱ्हा असतील, गालगुच्चा आणि चॉकलेट. तसं असेल तर ‘पापी नको’ ऐकून ते ओशाळतील, एखादा दिवस फुगून बसतील, आणि मग कॅरम बोर्ड काढतील. सगळ्यांसमोर कॅरम खेळायला, आरतीला तिच्या हातात झांजा द्यायला त्यांना कोणीच अडवलेलं नाही. पण समजा, सांगूनही ते थांबले नाहीत. तिची थट्टा करू लागले, ‘आईला सांगू नको हं’ म्हणून गुपचूप वस्तू देऊ लागले, तिला एकटीलाच कुठे न्यायचा आग्रह धरू लागले. तरीही हा पुरावा होत नाही. पण तुम्हाला काहीतरी कळलं, आणि तेव्हा ‘नातं बिघडेल’ या कारणाला मी तरी शून्य किंमत देईन. तिथून पुढे ती त्यांच्याबरोबर एक मिनिटही एकटी राहणार नाही, मग कोणी कितीही रुसो.

नवऱ्याने बोलायचं टाळलं आणि प्रसंग समोर घडलाच, तर? तुम्ही उठायचं, तिचा हात धरायचा आणि सहज आवाजात म्हणायचं, ‘नको म्हणतेय ना ती, चल गं, मोदकांना पाऱ्या करायच्यात.’ दोन सेकंद शांतता पसरेल. पसरू दे. त्या दोन सेकंदांत तुमच्या मुलीला जे समजेल ते तुमच्या कुठल्याही सत्रात समजवता येणार नाही.

एका ठिकाणी मात्र हा सगळा समजुतीचा मामला संपतो, आणि ते इथे वाचणाऱ्या प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं. कोणी आपल्या खाजगी अवयवांना हात लावल्याचं, लावायला लावल्याचं, घाणेरडे फोटो दाखवल्याचं मुलाने सांगितलं, तर घरात बैठक बोलवायची नाही, त्या माणसाला जाब विचारायला जायचं नाही. मुलाला म्हणायचं, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही.’ ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. घटना ताजी असेल तर आंघोळ घालण्याच्या, कपडे धुण्याच्या आधी रुग्णालय. तातडीच्या उपचारांसाठी आधी पोलिसांचा कागद आणा असं डॉक्टर म्हणू शकत नाहीत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, मुलगा असो वा मुलगी. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तर पोलिसांना कळवणं हे कलम 19 नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. झालेला गुन्हा लपवला तर शिक्षा आहे, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मुलाला पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागतील ही भीती असते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो; रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही; नाव, पत्ता, शाळा छापता येत नाही; पोलिसांना 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. प्रत्यक्षात सगळीकडे हे असंच होतं असं मी म्हणणार नाही, पण हे मागायचा हक्क आहे हे माहीत असलेला पालक ठाण्यात वेगळ्या आवाजात बोलतो. काय करावं सुचत नसेल तर 1098. मुलांसाठीची ही हेल्पलाइन 1996 साली आपल्याच मुंबईत सुरू झाली, 2023 मध्ये ती सरकारी यंत्रणेकडे गेली, आणि दिवसरात्र, फुकट लागते. मूल स्वतःही फोन करू शकतं.

तुम्ही जे पाहिलंय ते या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे पत्रावरून मी ठरवणार नाही. कायदा हेतू बघतो आणि तो मला इथून दिसत नाही. तुमच्याकडे मात्र एक सोय आहे जी बहुतेक वाचकांकडे नसते: तुमच्या संस्थेत समुपदेशक आहेत. शाळेतल्या मुलीबद्दल त्यांच्याशी जसं बोलता तसंच, याच आठवड्यात, स्वतःच्या मुलीबद्दल बोला. लाज कसली वाटते? घरी पेशंट असला की डॉक्टरही दुसऱ्या डॉक्टरला दाखवतात.

नोकरी सोडायची का? मला वाटतं, नाही. पण तुम्हाला जो खोटेपणा जाणवतो त्यात एक खरी तक्रार दडलेली आहे आणि ती तुम्ही संस्थेपुढे मांडावी. ‘अर्पण’सारख्या संस्था 2006 पासून मुंबईत या विषयावर काम करत आहेत, त्यांच्यामुळे आज शाळेत हा विषय काढता येतो, हे मोठंच काम आहे. तरीही शाळेतल्या एका तासानंतर ते मूल ज्या घरी जातं तिथे ‘काकांना नाही म्हणायचं नसतं’ हा नियम पक्का असतो. पालकसभेला कोण येतं? सकाळी अकराला, बुधवारी, आया. बाप कामावर. म्हणजे नाही म्हणायचं ओझं मुलावर आणि पाळत ठेवायचं आईवर, आणि ज्याने ऐकायला हवं तो सभेला कधी नसतोच. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये, मंडळाच्या कार्यालयात, पुरुषांसाठी वेगळं सत्र घ्या म्हणावं. गणेशोत्सवात मंडळं दरवर्षी सामाजिक विषयाचा देखावा शोधतच असतात, त्यांना विषयही मिळेल. आणि सत्र पुरुष प्रशिक्षकाने घ्यावं. आपल्या लोकांना अजून ते लवकर पटतं, काय करणार.

थकवा मात्र वेगळा आहे, तो नोकरीतला आहे. मुलांनी सांगितलेलं रोज ऐकणाऱ्या माणसाला महिन्यातून काही वेळ स्वतःचं कोणीतरी ऐकणारं हवं. संस्थेत तशी व्यवस्था नसेल तर मागा. निधी नाही असं उत्तर येईल. तरी मागा, लेखी मागा.

गणपतीला अजून वेळ आहे. नवऱ्याने दादांशी बोलणं तोवर झालं आणि झोपण्याचं ठरलं, तर खुशाल जा, पाच दिवस राहा. नाही झालं, तर या वर्षी सकाळी जायचं, आरती, नैवेद्य, गौरीचं जेवण सगळं करायचं आणि रात्री करी रोडहून धीमी लोकल पकडून घरी यायचं. कारण विचारलं तर ‘तिची शाळेची चाचणी जवळ आलीय’ एवढं पुरे.